माती परीक्षणाची विश्वासार्हता आणि स्थानिक रसायनज्ञ मंडळांचे पुनरुज्जीवन

माती परीक्षणाचा अहवाल शेतकऱ्याच्या हाती पडतो तेव्हा त्यावर बारा आकडे असतात. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक. त्यानंतर जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ झाला आणि त्यानंतर हे बारा आकडे देशाच्या कानाकोपऱ्यांतील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रयोगशाळेतील आकडा बांधापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न निःसंशय मोलाचा आहे. परंतु आकडा पोहोचणे आणि त्यावर विश्वास बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकाच शेतातील माती दोन प्रयोगशाळांत पाठवली आणि दोन निराळे अहवाल हाती आले, हा अनुभव प्रगतशील शेतकऱ्यांना नवा नाही. अशा वेळी तो विस्तार कार्यकर्त्याला एकच प्रश्न विचारतो : ‘साहेब, यातला खरा कागद कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर विस्तार कार्यकर्त्याजवळ नसते. खरे पाहता ते एकट्या प्रयोगशाळेजवळही नसते. ते उत्तर रसायनज्ञांनी एकत्र बसूनच शोधावे लागते. त्यासाठी जी जागा पूर्वी होती, म्हणजे रसायनज्ञांची स्थानिक मंडळे आणि व्यावसायिक संस्थांच्या स्थानिक शाखा, ती अनेक ठिकाणी ओस पडली आहे. ती पुन्हा जागती करणे हा केवळ रसायनज्ञांच्या आपसातील प्रश्न नाही. तो थेट शेतकऱ्याच्या खताच्या खर्चाशी निगडित आहे.

परंपरा जुनी, पाया भक्कम

भारतीय शेतीत रसायनज्ञाचे स्थान जुने आहे. डॉ. जे. ए. व्होएलकर हे इंग्लंडमधील रसायनज्ञ १८८९ मध्ये भारतात आले, देशभर फिरले आणि १८९३ मध्ये भारतीय शेतीच्या सुधारणेविषयीचा त्यांचा प्रसिद्ध अहवाल प्रकाशित झाला. त्याच सुमारास, १८९२ मध्ये, जे. डब्ल्यू. लेदर यांची शासनाचे कृषी रसायनज्ञ म्हणून नियुक्ती झाली. पुणे येथील कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान हेदेखील मूळचे रसायनज्ञच होते. द. ल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर यांसारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा जो अभ्यास केला, तो १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत काम करणारी ही माणसे जमीन, पाणी, पिके, मजुरी आणि कर्ज यांचा एकत्र विचार करण्यासाठी गावात जाऊन बसली, ही घटना आजही स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

व्यावसायिक संस्थांची उभारणीही याच काळातील. १९२४ मध्ये कोलकाता येथे इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय तिचे पहिले अध्यक्ष झाले. दहा वर्षांनी, १९३४ मध्ये, त्याच शहरात भारतीय मृदा विज्ञान संस्थेची स्थापना झाली. या संस्थेचे नियतकालिक १९५३ पासून प्रसिद्ध होत आहे आणि तिच्या स्थानिक शाखा देशातील अनेक कृषी विद्यापीठांच्या व संशोधन संस्थांच्या आवारांत आहेत. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक या पाच ठिकाणी कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, तेव्हा त्यातील चार केंद्रे दख्खनच्या पठारावर परस्परांपासून फार दूर नव्हती. काळी जमीन प्रशासकीय सीमा मानत नाही, हे त्या आखणीत गृहीत धरलेले होते.

देशाबाहेरील एक उदाहरण या विषयाच्या गाभ्याला हात घालणारे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत खतांचा व्यापार वाढला आणि एकाच खताच्या नमुन्यातील स्फुरदाचे प्रमाण निरनिराळ्या राज्यांतील रसायनज्ञ निरनिराळे सांगू लागले. व्यापारी संतापले, शेतकरी गोंधळले. तेव्हा कृषी रसायनज्ञांनी १८८४ मध्ये फिलाडेल्फिया येथे एकत्र येऊन आपली संघटना स्थापन केली, पृथक्करणाच्या पद्धती ठरवल्या आणि त्या पद्धती अनेक प्रयोगशाळांत तपासून पाहण्याचा प्रघात पाडला. तीच संघटना आज ‘एओएसी’ या नावाने जगभर ओळखली जाते. रसायनज्ञांची एक अत्यंत प्रतिष्ठित संघटना खताच्या आकड्यांवरील भांडणातून जन्मली, ही बाब बोलकी आहे. मानसन्मान, व्याख्याने आणि पुरस्कार नंतर आले. आकडा जुळवण्याची गरज आधी होती.

एकाकी प्रयोगशाळेत काय घडते

माती परीक्षणाचे काम वरवर साधे वाटते. मातीत ठरावीक द्रावण मिसळायचे, हलवायचे, गाळायचे आणि यंत्रावर वाचन घ्यायचे. परंतु प्रत्येक पायरीवर चूक शिरण्यास वाट असते आणि ती चूक एकट्या प्रयोगशाळेला सहसा दिसत नाही.

उपलब्ध स्फुरदाचे उदाहरण घेता येईल. चुनखडीयुक्त व विम्लधर्मी जमिनींसाठी ओल्सेन यांची १९५४ मधील पद्धत वापरली जाते. तीत अडीच ग्रॅम माती, ५० मिलिलीटर सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अर्धा तास हलवली जाते. या द्रावणाचा सामू ८.५ असावा लागतो. द्रावण शिळे झाले की सामू चढतो. प्रयोगशाळेतील तापमान वाढले की मातीतून अधिक स्फुरद सुटतो; त्यामुळे मे महिन्यातील आणि जानेवारीतील वाचन सारखे येईलच असे नाही. द्रावणाचा रंग घालवण्यासाठी वापरलेल्या कोळशाच्या भुकटीतच स्फुरदाचा अंश असेल तर तोही मातीच्या नावावर जमा होतो.

या बारीकसारीक बाबींचा शेतकऱ्याशी काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. समजा, एका प्रयोगशाळेने उपलब्ध स्फुरद हेक्टरी ९ किलो सांगितला आणि दुसरीने १२ किलो. अहवालातील हा फरक तीन किलोंचा दिसतो. प्रत्यक्ष मातीत तो दहा लाख भागांत सुमारे १.३ भागांचा असतो आणि काचेच्या नळीतील द्रावणात तर त्याचाही विसावा हिस्सा. एवढ्या सूक्ष्म अंतरावर मर्यादारेषा उभी आहे. कारण ओल्सेन पद्धतीत हेक्टरी १० किलोपेक्षा कमी स्फुरद म्हणजे ‘कमी’ आणि १० ते २५ किलो म्हणजे ‘मध्यम’ असे वर्गीकरण सर्वसाधारणपणे वापरले जाते. ‘कमी’ वर्गात शिफारशीपेक्षा २५ टक्के अधिक खत देण्याचा प्रघात आहे. पिकाची शिफारस हेक्टरी ६० किलो स्फुरदाची असेल तर पहिला अहवाल ७५ किलो द्यायला सांगतो आणि दुसरा ६० किलो. हा १५ किलोंचा फरक म्हणजे १६ टक्के स्फुरद असलेल्या सिंगल सुपर फॉस्फेटचे सुमारे ९४ किलो, जवळजवळ दोन गोण्या. एका शेतकऱ्याच्या एका हेक्टरवरील दोन गोण्यांचा निर्णय कोळशाच्या भुकटीवर किंवा खोलीच्या तापमानावर अवलंबून राहतो.

सेंद्रिय कर्बाची गोष्ट निराळी नाही. वॉकली व ब्लॅक यांच्या १९३४ मधील पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल यांच्या साहाय्याने कर्बाचे ज्वलन केले जाते. आम्ल मिसळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरच ही क्रिया चालत असल्याने सर्व कर्ब मोजला जात नाही आणि म्हणून उत्तराला ठरावीक गुणकाने वाढवावे लागते. क्षारयुक्त जमिनीत क्लोराइड अधिक असल्यास कर्ब वास्तवापेक्षा जास्त दिसतो. एखादी प्रयोगशाळा गुणक वापरते, दुसरी विसरते. एक अनुमापन करते, दुसरी रंगमापकावर वाचन घेते. दोन्ही आपापल्या परीने प्रामाणिक असतात, तरीही आकडे जुळत नाहीत.

जस्ताच्या बाबतीत तर चूक प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच घडू शकते. डीटीपीए द्रावणाने मोजलेले जस्त दहा लाख भागांत ०.६ भागांपेक्षा कमी असेल तर जमीन जस्ताच्या बाबतीत कमतरतेची समजली जाते. नमुना जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत गोळा केला, तर बादलीचे जस्त मातीत उतरते आणि गरजू जमीन अहवालात संपन्न ठरते. हे विस्तार कार्यकर्त्याला ठाऊक असते, पण नमुना आणणाऱ्या मजुराला ठाऊक असतेच असे नाही. रसायनज्ञ आणि विस्तार कार्यकर्ता यांची गाठच पडत नसेल तर ही चूक वर्षानुवर्षे चालू राहते.

मंडळे थंडावली ती का

काही ठिकाणच्या शाखा आजही उत्तम काम करतात; नियमित व्याख्याने घेतात, विद्यार्थ्यांना व्यासपीठ देतात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. मात्र जिथे शाखेचे अस्तित्व केवळ नामफलकावर उरले आहे, तिथली कारणे साधारण सारखी आहेत.

पहिले कारण सदस्यत्वाच्या मर्यादेचे. बहुतेक शाखा विद्यापीठाच्या एखाद्या विभागापुरत्या सीमित राहिल्या. विभागप्रमुख हाच पदसिद्ध अध्यक्ष असल्यासारखे वातावरण निर्माण झाले. त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की शाखाही विश्रांती घेते. जिल्हा माती परीक्षण प्रयोगशाळेतील तांत्रिक साहाय्यक, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतील रसायनज्ञ, खाजगी प्रयोगशाळेतील पदवीधर, कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञ, खत निरीक्षक, कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे शिक्षक यांना आपण तिथे जावे असे कधी वाटले नाही, कारण त्यांना कोणी बोलावले नाही.

दुसरे कारण कार्यक्रमांच्या स्वरूपाचे. वर्षातून एकदा, ५ डिसेंबरच्या जागतिक मृदा दिनी दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे व्याख्यान, आभारप्रदर्शन आणि अल्पोपाहार. समारंभ वाईट नसतो. परंतु ज्याच्या टेबलावर उद्या सकाळी दोनशे नमुने येणार आहेत, त्याला त्या व्याख्यानातून आपल्या अडचणीचे उत्तर मिळत नसेल तर तो पुढील वर्षी येत नाही.

तिसरे कारण अधिक नाजूक आहे. आपल्या प्रयोगशाळेचा आकडा इतरांशी जुळला नाही तर काय, ही भीती. कंत्राटी पदावरील तंत्रज्ञाला नोकरीची चिंता असते, खाजगी प्रयोगशाळेला ग्राहकाची आणि शासकीय प्रयोगशाळेला वरिष्ठांच्या खुलासापत्राची. त्यामुळे प्रत्येक जण आपले दार लावून घेतो. चुका दडपल्याने नाहीशा होत नाहीत. त्या फक्त शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन उघड्या पडतात.

पुनरुज्जीवनाचा गाभा : सामायिक नमुना

थंडावलेले मंडळ पुन्हा उभे करताना नवी कार्यकारिणी, नवे बोधचिन्ह किंवा मोठी परिषद यांपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. तो टाळावा. मंडळाला असे एखादे काम हवे, जे एकट्या प्रयोगशाळेला करता येत नाही आणि ज्याचे फळ सर्वांना लगेच दिसते. सामायिक नमुन्याची देवाणघेवाण हे असे काम आहे.

त्याची रीत अवघड नाही. परिसरातील एका शेतातून ४० ते ५० किलो माती आणावी. ती सावलीत वाळवून, कुटून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून पूर्णपणे एकजीव करावी. अर्ध्या किलोच्या पुड्या बांधून प्रत्येक प्रयोगशाळेला द्याव्यात. प्रत्येक प्रयोगशाळेला गुप्त क्रमांक मिळावा आणि तो फक्त तिलाच ठाऊक असावा. निकाल आले की सर्व आकडे एकाच आलेखावर ठिपक्यांच्या रूपात मांडावेत. मधला आकडा कोणता आणि आपला ठिपका त्यापासून किती दूर, हे प्रत्येकाला आपापले दिसते; दुसऱ्याचा ठिपका कोणता, हे कोणालाच कळत नाही. त्यानंतरच्या बैठकीत चर्चा व्यक्तीविषयी होत नाही, पद्धतीविषयी होते. कोळसा कोणता वापरला, द्रावण केव्हा केले, गुणक घेतला की नाही, चाळणी कितीची होती, या प्रश्नांवर बोलणे सुरू झाले की मंडळ जिवंत झाले असे समजावे.

उरलेल्या पुड्या वाया जात नाहीत. दररोजच्या नमुन्यांबरोबर त्याच मातीचा एक नमुना तपासून त्याचे वाचन भिंतीवरील तक्त्यावर नोंदवल्यास, एखाद्या दिवशी आकडा सरकला की तो लगेच ध्यानात येतो. त्या दिवशीचे अहवाल पाठवण्यापूर्वीच थांबवता येतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठे संरक्षण दुसरे नाही.

हा विचार नवा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये जागतिक मृदा प्रयोगशाळांचे जे जाळे उभे राहिले, त्याचे मुख्य कार्य पद्धतींचे सुसूत्रीकरण आणि प्रयोगशाळांची परस्पर तपासणी हेच आहे. जे जागतिक पातळीवर आवश्यक मानले गेले, ते तीन-चार जिल्ह्यांच्या पातळीवर तर अधिक सहज शक्य आहे. कारण तिथे माती सारखी, पिके सारखी आणि एसटीच्या एका फेरीत नमुना पोहोचण्याजोगे अंतर.

दार रुंद करण्याची गरज

मंडळ जिवंत ठेवायचे तर त्याचे दार रुंद करावे लागेल. पदव्युत्तर पदवी ही प्रवेशाची अट असू नये. जो हाताने अनुमापन करतो, तो सदस्य झाला पाहिजे. कंत्राटी तंत्रज्ञांसाठी वर्गणी नाममात्र असावी आणि कार्यकारिणीत त्यांच्यासाठी किमान एक जागा असावी. बैठक प्रत्येक वेळी विद्यापीठातच भरू नये. एकदा जिल्हा प्रयोगशाळेत, एकदा साखर कारखान्यात, एकदा कृषी विज्ञान केंद्रात भरावी. दुसऱ्याची प्रयोगशाळा पाहणे हेच निम्मे प्रशिक्षण असते. बैठकीची भाषा मराठी असण्यास कोणतीही अडचण नाही; सीमाभागात कन्नड, तेलुगू किंवा हिंदी मिसळली तरी चालेल. आकड्यांची भाषा सर्वांना कळते.

ज्ञानाच्या शाखांमधील भिंतीही इथे खाली येऊ शकतात. उत्तर प्रदेशाच्या तराई भागात, आज उत्तराखंडात असलेल्या पंतनगर येथे, भातावर तांबूस-तपकिरी ठिपके पडून पीक खुरटत असे. स्थानिक शेतकरी त्याला ‘खैरा’ म्हणत. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे मूळचे वनस्पती रोगशास्त्रज्ञ. हा विकार कोणत्याही रोगजंतूमुळे नसून जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे त्यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले आणि झिंक सल्फेट व चुन्याच्या फवारणीचा स्वस्त उपाय शेतकऱ्यांच्या हाती आला. रोगशास्त्रज्ञाने मृदा रसायनाकडे पाहिले म्हणून हे शक्य झाले. आपल्या विषयाच्या कुंपणापलीकडे पाहण्याची अशी संधी मंडळाच्या बैठकीत सहज मिळते.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या सूचनेवर काही आक्षेप येणे स्वाभाविक आहे. पहिला आक्षेप असा, की प्रयोगशाळांसाठी एनएबीएलची मान्यता उपलब्ध असताना मंडळाची गरज काय? मान्यता अत्यंत मोलाची आहे आणि ती मिळवणाऱ्या प्रयोगशाळा अभिनंदनास पात्र आहेत. परंतु तिला खर्च, कागदपत्रे आणि प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. लहान प्रयोगशाळेला, किंवा भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थानाने विकसित केलेल्या ‘मृदापरीक्षक’सारख्या लहान संचावर काम करणाऱ्या केंद्राला, ती पायरी एकदम चढता येत नाही. मान्यतेसाठीही इतर प्रयोगशाळांशी निकाल पडताळून पाहणे आवश्यकच असते. मंडळ ही त्या जिन्याची पहिली पायरी ठरू शकते.

दुसरा आक्षेप असा, की भ्रमणध्वनीवरील समूहांवर सर्व चर्चा होतच असते. त्या चर्चेची उपयुक्तता नाकारता येत नाही. एखादे रसायन कुठे मिळेल, यंत्र दुरुस्त कोण करील, याचे उत्तर तिथे पाच मिनिटांत मिळते. परंतु तिथे नोंद राहत नाही, जबाबदारी ठरत नाही आणि मातीची पुडी तर पाठवताच येत नाही. समूह हा मंडळाचा दूत होऊ शकतो, पर्याय नव्हे.

तिसरा आक्षेप पैशांचा आहे. वस्तुतः सामायिक नमुन्याचा खर्च अल्प आहे. माती फुकट मिळते, पिशव्या आणि प्रवास एवढाच काय तो खर्च. उलट मंडळामुळे बचतही होते. सूक्ष्म अन्नद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राचा एखादा दिवा निकामी झाला की खरेदीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत काम अडते. शेजारच्या प्रयोगशाळेशी ओळख असेल तर तेवढे नमुने तिथे तपासून घेता येतात. सेंद्रिय कर्बाच्या पृथक्करणातून उरणारे क्रोमियमयुक्त आम्ल हा सर्वच प्रयोगशाळांचा डोईजड प्रश्न आहे. षट्संयुजी क्रोमियम आरोग्यास घातक असल्याने ते मोरीत ओतणे हा तंत्रज्ञांवर आणि पाण्यावर अन्याय आहे. त्याची विल्हेवाट लावण्याची सामूहिक व्यवस्था एका प्रयोगशाळेला परवडत नाही. दहा प्रयोगशाळांना मिळून परवडू शकते.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल. मनुष्यबळच अपुरे आहे, मग बैठकांना जायचे कोणी? खरीपापूर्वी नमुन्यांचे ढीग लागतात, तेव्हा या प्रश्नात तथ्य आहे. यावर मंडळापाशी जादूचा उपाय नाही. रिक्त पदे भरण्याचे काम शासनाचे आहे आणि मंडळाने ती मागणी एकत्रितपणे, आकडेवारीसह मांडावी. एकट्या तंत्रज्ञाची तक्रार फाइलमध्ये राहते. व्यावसायिक मंडळाच्या निवेदनाची दखल घ्यावी लागते. तोपर्यंत बैठकांचे वेळापत्रक हंगामाच्या कलाने आखणे एवढे तरी हाती आहे.

एका वर्षाचा आटोपशीर कार्यक्रम

पुनरुज्जीवनासाठी पहिल्या वर्षी चार बैठका पुरेशा आहेत. ऑगस्टमध्ये, नमुन्यांचा भार हलका झाल्यावर, पहिली बैठक घ्यावी. जुन्या सदस्यांची यादी, बँक खाते आणि लेखे तपासावेत. शाखा स्वतंत्रपणे नोंदणीकृत असेल तर नोंदणी कार्यालयातील पदाधिकाऱ्यांची नोंद अद्ययावत करावी. निवृत्त रसायनज्ञांना आवर्जून बोलवावे. त्यांच्यापाशी वेळ असतो आणि जुन्या वह्याही असतात. ऑक्टोबरमध्ये सामायिक नमुना तयार करून वाटावा. ५ डिसेंबरला, मृदा दिनाच्या निमित्ताने, निकालांचा आलेख मांडावा. त्या दिवसाला याहून अधिक अर्थपूर्ण कार्यक्रम कोणता असेल? फेब्रुवारीत, उन्हाळी नमुने येऊ लागण्यापूर्वी, विस्तार कार्यकर्ते व शेतकरी यांच्यासह नमुना घेण्याच्या पद्धतीवर शिवारातच बैठक घ्यावी. दुसऱ्या वर्षी दुसरी माती घ्यावी : एकदा काळी, एकदा चुनखडीची, एकदा कोकण-गोव्याकडील जांभी. आम्लधर्मी जांभ्या जमिनीसाठी स्फुरदाची पद्धत बदलावी लागते, ब्रे यांची पद्धत वापरावी लागते, हेही त्यातून सर्वांच्या अंगवळणी पडेल.

विस्तार कार्यकर्ते आणि शेतकरी यांचा वाटा

या कामात विस्तार कार्यकर्ता प्रेक्षक नाही. नमुना घेण्याचे काम त्याच्या देखरेखीखाली होते. झाडाखालची, बांधालगतची, शेणखताच्या ढिगाजवळची माती टाळणे, इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेणे, खताच्या रिकाम्या गोणीत नमुना न भरणे, या गोष्टी त्याने पाळल्या नाहीत तर पुढील सर्व रसायनशास्त्र व्यर्थ ठरते. शिवाय शेतातून परत येणारी माहिती त्याच्याचकडे असते. अहवालात पालाश भरपूर, तरी केळीच्या पानांच्या कडा करपतात; जस्त पुरेसे, तरी मक्याच्या पानांवर पांढरे पट्टे दिसतात. अशा विसंगतींची नोंद त्याने मंडळापुढे ठेवली पाहिजे. प्रयोगशाळेतील आकड्याची अंतिम परीक्षा शेतातच होते.

प्रगतशील शेतकऱ्यानेही प्रयोगशाळेला काही प्रश्न विचारण्यास संकोचू नये. स्फुरद कोणत्या पद्धतीने मोजला? प्रयोगशाळा इतर प्रयोगशाळांशी आपले निकाल पडताळून पाहते का? नियंत्रण नमुना तपासते का? शेतकरी हे प्रश्न विचारू लागला की प्रयोगशाळेलाही मंडळाची गरज भासू लागते. १९६७-६८ पासून चालत आलेल्या, डॉ. बी. राममूर्ती यांच्या नावाशी जोडलेल्या अपेक्षित उत्पादनाच्या समीकरणांचा वापर करून खत देणाऱ्या शेतकऱ्यांसाठी तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. त्या समीकरणांत मातीचा आकडा थेट घातला जातो. आकडा चुकला की शिफारसही चुकते.

माती परीक्षणासाठी गेल्या काही वर्षांत इमारती उभ्या राहिल्या, यंत्रे आली, पत्रिका छापल्या गेल्या. या सर्वांच्या मध्यभागी जो माणूस पांढरा कोट घालून वाचन घेतो, तो मात्र बहुधा एकटाच राहिला. त्याच्या शंकेला उत्तर देणारा, त्याची चूक मित्रत्वाने दाखवणारा, त्याच्या कामाचे मोल जाणणारा समव्यावसायिक त्याला मिळवून देणे, हे स्थानिक मंडळाचे खरे प्रयोजन आहे. ते साधले तर ‘यातला खरा कागद कोणता?’ या शेतकऱ्याच्या प्रश्नाला विस्तार कार्यकर्ता निःशंकपणे उत्तर देऊ शकेल. त्यासाठी फार मोठी सुरुवात लागत नाही. एक शेत, पन्नास किलो माती, दहा पुड्या आणि एकमेकांसमोर आपला आकडा ठेवण्याची तयारी असलेले दहा रसायनज्ञ एवढे पुरेसे आहे.